बेनिन सिटीत नवीन आलाय? आधी 'कोयो' म्हणायला शिका

आमच्याकडे वर्षातून एक-दोन तरी नवीन मराठी पोरं येतात, कोणी मेंटेनन्सला, कोणी अकाउंट्सला, आणि लागोसला उतरून गाडीत बसली की त्यांचा पहिला फोन मला, "दादा, तिकडे नायजेरियन भाषाच बोलतात ना?" नायजेरियन नावाची भाषाच नाहीये रे बाबा, हे प्रत्येकाला वेगळं सांगून दमलो म्हणून आता एकदाच लिहून टाकतोय. मी काही भाषेचा मास्तर नाही, मूळचा इचलकरंजीचा डिप्लोमावाला माणूस, इथे चार वर्षं झाली, जे काही शिकलो ते ड्रायव्हर, वॉचमन आणि बाजारातल्या बायकांकडून, त्यामुळे व्याकरण विचारू नका. कुठे काय बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं तेवढं सांगतो.

पायरी १: आपण नेमके कुठे आलोय ते घरी नीट सांगा

बेनिन सिटी नायजेरियात आहे, एदो राज्याची राजधानी. शेजारी बेनिन नावाचा अख्खा देश आहे तो वेगळा, त्याचं जुनं नाव दाहोमी, १९७५ ला त्यांनी समुद्राच्या आखाताचं नाव घेऊन बेनिन केलं. माझ्या आईने गल्लीत सगळ्यांना सांगितलं पोरगा बेनिन देशात आहे, मग मामाने गुगल करून मला विचारलं की तिथे फ्रेंच बोलतात म्हणे, तू कधी शिकलास. तर ते नाही. इकडे ऑफिसात आणि शाळेत इंग्लिश, रस्त्यावर पिजिन, म्हणजे इथल्या वळणाचं मिसळीचं इंग्लिश, आणि घरात एदो.

आता ही एदो म्हणजेच बिनी. शहराला बाहेरचे लोक बेनिन म्हणतात, माणसाला आणि भाषेला बिनी म्हणतात, पण त्यांच्या स्वतःच्या भाषेत शहर पण एदो, माणूस पण एदो आणि भाषा पण एदो. बिनी म्हटलं तर कोणी रागावत नाही, ते स्वतः पण पिजिनमध्ये "आय बी बिनी मॅन" म्हणतात. पण एदो आणि बिनी हे दोन शब्द कायम एकाच अर्थाने येत नाहीत, तिथेच सगळा घोळ आहे, त्याच्याकडे खाली येतो.

पायरी २: तोंड तयार करा

मराठी माणसाला ही भाषा इंग्लिशवाल्यांपेक्षा सोपी जाते, हे मी छातीठोकपणे सांगतो. ते लोक लिहिताना व्ही आणि बी जोडून लिहितात, नवीन माणूस ते बघून "व्ब व्ब" करत बसतो. अरे तो आपला साधा व आहे, वांग्यातला, ओठ हलकेच जवळ आणायचे आणि झालं. आर-एच लिहितात तो बऱ्यापैकी आपल्या कुऱ्हाडीतल्या ऱ्ह च्या जवळ जातो. अक्षराखाली टिंब दिलेला ई म्हणजे ॲ, टिंब दिलेला ओ म्हणजे ऑ, आपण बॅट आणि बॉल रोज म्हणतोच. फक्त मोबाईलवर टाइप करताना ते लोक टिंबं खाऊन टाकतात, तेव्हा मेसेज वाचून उच्चार ठरवू नका, कानाने ऐका.

अवघड काय आहे तर ग्ब आणि क्प. हे दोन वेगळे आवाज नाहीत, ग आणि ब एकाच वेळेला, तोंडात एक छोटा फुगा फुटल्यासारखा. माझा ड्रायव्हर मला रोज ट्रॅफिकमध्ये "इग्बे" म्हणायला लावायचा, इग्बे म्हणजे दहा, आणि मी "इगबे" म्हटलं की स्टेअरिंगवर डोकं टेकून हसायचा, सहा आठवडे गेले. ख आपल्यासारखा नाही, घशातून घासत येतो, उर्दूवाले 'ख़बर' म्हणतात तसा, आणि घ पण तसाच घासून. शब्दाच्या शेवटी मी इथे न लिहीन तो पूर्ण न म्हणायचा नाही, नाकातून सोडून द्यायचा, ज्यांच्या घरी मालवणी किंवा कोकणी बोलतात त्यांना हे आपोआप येतं. आणि भाषेला सूर आहे, वर-खाली. तो लिहून शिकवता येत नाही, समोरचा जसा म्हणतो तसाच चालीसकट परत म्हणायचं, लाजायचं नाही.

पायरी ३: दिवसभराचे रामराम

सगळ्यात आधी कोयो. हा हॅलो आहे, कधीही चालतो, उत्तर पण कोयो. मग वेळेप्रमाणे: सकाळी ओबोविए, दुपारी ओबावान, संध्याकाळी ओबोता. घोकायची गरजच नाही कारण ओविए म्हणजे सकाळ, आवान म्हणजे दुपार आणि ओता म्हणजे संध्याकाळ, पुढे ओब चिकटलं की झाली शुभेच्छा. त्याच साच्यातलं ओबोखिआन म्हणजे या, आलात का, स्वागत आहे, हे तुम्ही कुठल्याही घरात शिरलात की आधी ऐकू येणार. रात्री निघताना ओखिओविए, त्यात परत तोच ओविए बसलाय, म्हणजे आता सकाळी भेटू.

पुढचा प्रश्न वे ओये हे? म्हणजे कसं काय चाललंय. उत्तर ओयेसे, बरं आहे. आणि उरुएसे म्हणजे आभार, पण मला याची गंमत आवडते, तोडून बघितलं तर उ रु एसे, "तू चांगलं केलंस". एसे म्हणजे चांगलं, भलं. ओयेसे मध्ये पण तोच एसे. समोर चार-पाच जण असतील तर उ च्या जागी वा येतो, वा रु एसे, तुम्ही सगळ्यांनी चांगलं केलंत.

कोणी प्रवासाला निघालं की इयारे म्हणतात, सुखरूप जा आणि सुखरूप या, दोन्ही एकाच शब्दात. आपण "जातो" न म्हणता "येतो" म्हणतो ना, तसलाच भाव. मी सुट्टीवर निघालो की गेटपासून गाडीपर्यंत इयारे इयारे चालू असतं. कोणी प्रार्थना केली, आशीर्वाद दिला की सगळ्यांनी इसॅ म्हणायचं, म्हणजे तथास्तु. पाहुण्याला एवे देतात, म्हणजे कोला नट, कडू जहर असतो पण नाही म्हणू नका, वडीलधारा माणूस हातात घेऊन प्रार्थना म्हणतो आणि प्रत्येक वाक्याला इसॅ, तुम्ही पण म्हणा, अर्थ नाही कळला तरी चालतो, तोंडात टाकून एका गालात दाबून ठेवा.

एक महत्त्वाचं. इथे नमस्काराशिवाय काम सुरू करणं म्हणजे उद्धटपणा. आपण ऑफिसात शिरतो आणि डायरेक्ट "अरे ती फाईल कुठंय" करतो, तसं इथे केलंत की फाईल मिळेल पण दुपारी मिळेल. लहानाने मोठ्याला आधी म्हणायचं, खोलीत जो नंतर आला त्याने आधी म्हणायचं. कोणी काम करत असेल त्याच्या शेजारून जाताना "वेल डन" म्हणायचं, इंग्लिशमध्येच, तो शाबासकीचा शब्द नाहीये तर रामराम आहे. मला आधी वाटलं मी काय एवढं केलं, नुसता फिल्टर बदलत होतो. तसंच तुम्ही ठेचकाळलात तर दहा लोक "सॉरी सॉरी" म्हणतील, त्यांनी काही केलेलं नसतं, त्यांना नुसतं वाईट वाटलेलं असतं. डाव्या हाताने काही द्यायचं-घ्यायचं नाही, हे आपल्या घरी शिकलेलंच आहे.

पायरी ४: जो शब्द तुमचा नाही तो उचलू नका

ही माझी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या महिन्यात मी ड्रायव्हरच्या घरी सकाळी लवकर गेलो होतो, सापेले रोडच्या आत गल्लीत. त्याची दोन पोरं झोपेतून उठून आली, मोठा असेल नऊ-दहा वर्षांचा, दोघांनी बापासमोर गुडघे टेकले आणि म्हणाली "लामोगुन". मग आजीसमोर गुडघे टेकले, परत लामोगुन. मला वाटलं वा, ओबोविएपेक्षा भारी शब्द मिळाला, जरा खानदानी गुड मॉर्निंग दिसतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर वॉचमनला जोरात म्हटलं, लामोगुन! तो खुर्चीतून उठला, मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ओगा, यू बी ऑबा पिकिन?" म्हणजे साहेब, तुम्ही राजाचं लेकरू आहात का?

प्रकार असा आहे की बिनी लोकांत सकाळचा नमस्कार घराण्याप्रमाणे वेगळा असतो. घराण्याला ते एग्बे म्हणतात. लामोगुन हा राजघराण्याच्या वंशातला नमस्कार, राजघराणं शेकडो वर्षांत एवढं पसरलंय की माझ्या ड्रायव्हरसारखी साधी माणसं पण त्यात निघतात. दुसऱ्या घराण्यात देलाइसो म्हणतात, आणखी बरेच आहेत, माझा वॉचमन वेगळाच म्हणतो. आता विचार करा, पोरगं सकाळी उठून तोंड उघडतं आणि पहिल्या शब्दात सांगतं की मी कोणाच्या घरातला. आपल्याकडे आडनाव, कुलदैवत, मूळ गाव एवढं विचारावं लागतं, इथे एका शब्दात मिटलं. म्हणून तो शब्द कानावर आला तर ऐका, लक्षात ठेवा, पण वापरू नका. आपल्याला ओबोविए आहे, तो सगळ्यांचा आहे.

गुडघे टेकण्याचं म्हणाल तर परदेशी माणसाकडून तशी अपेक्षा नसते. वयस्कर माणसासमोर जरा वाकलात, टोपी काढलीत, हात मागे-पुढे न करता उभे राहिलात की पुरे. पण खुर्चीत बसल्या बसल्या हात वर करून हाय केलंत तर ते लक्षात ठेवतात.

राजाबद्दल पण इथेच सांगून टाकतो. राजा म्हणजे ऑबा. आत्ताचे ऑबा एवुआरे दुसरे, ऑक्टोबर २०१६ ला गादीवर आले, त्याआधी राजदूत होते. सरकार-बिरकार गव्हर्नरचं, पण शहरात ऑबाचा शब्द म्हणजे शब्द. त्यांचं नाव थट्टेत घ्यायचं नाही, अगदी दारू पिताना पण नाही. कार्यक्रमात "ऑबा घा तॉ क्पॅरॅ" ऐकू आलं, म्हणजे ऑबांना उदंड आयुष्य लाभो, की पुढे सगळ्यांबरोबर इसॅ म्हणा.

पायरी ५: बाजारापुरते शब्द

ऑबा मार्केट रिंग रोडला लागूनच आहे. पहिल्यांदा कोणाला तरी घेऊन जा, नाहीतर टोमॅटोच्या ढिगाला तुम्ही म्हणाल तो भाव पडेल. लाहॉ म्हणजे प्लीज, हे आधी लावायचं. ॲन म्हणजे हो, ॲओ म्हणजे नाही. इनु? म्हणजे किती? वॉ? म्हणजे काय? आमॅ पाणी, एवारे जेवण, इयान म्हणजे याम, सुरणाचा लांबचा भाऊ समजा, आणि तोच उकडून उखळात कुटला की ॲमा. ॲमा आणि काळं सूप हे इथलं पिठलं-भाकरी आहे, सूप काळं दिसतं ते पाल्यामुळे, घाबरू नका, पण मटण-मासे सगळं एकाच भांड्यात असतं हे शाकाहारी लोकांनी आधी विचारून घ्यावं. इघो म्हणजे पैसा, तो कमी पडतो. एकी म्हणजे बाजार. विकणाऱ्या बाईला इये म्हणा, म्हणजे आई, कितीही घासाघीस चाललेली असू दे. बापाला एऱ्हा. इये आणि एकी जोडून इयेकी, ती बाजारातल्या बायकांची पुढारीण, तिच्याशी वाकडं घेऊ नका.

आकडे म्हणजे एवा दोन, एहा तीन, एनॅ चार, इसॅन पाच, एहान सहा, इहिनरोन सात, एरॅनरॅन आठ, इहिनरिन नऊ, इग्बे दहा. एकाला ओवो किंवा ऑक्पा. सात आणि नऊ मध्ये मी अजून गोंधळतो. वीस म्हणजे उगिए, आणि तिथून पुढे हिशोब विसाचा, चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा, शंभर म्हणजे इयिसॅन, पाच विसा. माझी आजी अंडी आणि आंबे असेच मोजायची, "चार विसा आंबं", तिला हे आकडे माझ्याआधी कळले असते. पण खरं सांगायचं तर नायराचे (नायरा म्हणजे इथलं चलन) भाव आता हजारांत असतात, तिथे सगळे इंग्लिश आकडेच बोलतात. एदो आकडे वापरायचे ते नग मोजताना, चार याम, सहा केळी. तेवढ्यावर बाई खूश होऊन एखादा नग जास्त टाकते, इथेही वरून टाकायची पद्धत आहेच.

अडलात तर "ई मा हॉन", मला ऐकू आलं नाही, कळलं नाही. कोणी "उ झॅ एदो रा?" विचारलं तर तो विचारतोय एदो बोलता का, झ हा झाडातला. शेवटचा रा म्हणजे आपला "का", वाक्याच्या शेवटी लावला की प्रश्न झाला, याबाबतीत भाषा अगदी आपल्या वळणाची आहे.

एक गंमत. किल्लीला हे लोक इसाहेन म्हणतात, आणि तो पोर्तुगीज शब्दावरून आलाय, त्याच शब्दावरून आपली चावी आली. पोर्तुगीज बेनिनला पोचले १४८० च्या दशकात, गोव्यात १५१० ला. म्हणजे एकाच कुलपाच्या दोन चाव्या. स्टोअरची किल्ली हरवली त्या दिवशी मला हे स्टोअरकीपरने ऐकवलं, किल्ली मात्र सापडली नाही.

पायरी ६: कोण बिनी, कोण एदो, कोण दोन्ही नाही

आता तो घोळ. बेंडेल नावाचं मोठं राज्य होतं, २७ ऑगस्ट १९९१ ला ते तोडून एदो आणि डेल्टा अशी दोन राज्यं केली. त्या दिवसापासून एदो या शब्दाचे दोन अर्थ झाले. एक, एदो राज्यातला कोणीही. दोन, बिनी माणूस, ज्याची भाषा एदो आणि राजा ऑबा. राज्यात १८ लोकल गव्हर्नमेंट एरिया आहेत, तालुके समजा, त्यातले दक्षिणेचे सात बिनींचे, मधले पाच एसान लोकांचे, एक्पोमा, इरुआ, उरोमी ही त्यांची गावं, आणि उत्तरेचे सहा आफेमाई, ओवान, आकोको-एदो वगैरेंचे, औची तिकडेच, तिथे मुसलमान बरेच. भाषा सगळ्या एका कुळातल्या, पण एक बोलला की दुसऱ्याला सगळं कळेलच असं नाही. जुनी कागदपत्रं वाचलीत तर उत्तरेच्या लोकांना इंग्रजांनी कुकुरुकु असं नाव ठेवलेलं दिसेल, ते तोंडातून काढू नका, त्यांना ते आवडत नाही.

आमच्या लॅबमध्ये एक मॅडम आहेत, एसान. मी आपला उत्साहात रोज त्यांना ओबोविए, उरुएसे, आणि त्या इंग्लिशमध्ये उत्तर द्यायच्या, गुड मॉर्निंग. पंधरा दिवसांनी शांतपणे म्हणाल्या, "आय ॲम नॉट बिनी, यू नो." मी म्हटलं पण तुम्ही एदोच्या ना. "एदो स्टेट, येस." बस्स, एवढंच. मला एकदम आठवलं की कोणी मला कोल्हापूरचा म्हटलं की मी कसा इचलकरंजी इचलकरंजी करतो, आणि हे तर त्याच्या दसपट, कारण इथे भाषा वेगळी, राजा वेगळा. तेव्हापासून नियम केलाय: समोरचा स्वतः सांगेपर्यंत लेबल लावायचं नाही. विचारायचंच असेल तर तुमचं गाव कुठलं विचारा, तेवढ्यात सगळं बाहेर येतं.

नावावरून अंदाज लागतो, शंभर टक्के नाही. देवाला बिनी ओसानोबुआ म्हणतात, म्हणून त्यांच्या नावात ओसा येतो, ओसाझे म्हणजे देवाने निवडलेला, ओसागिए म्हणजे देवाने पाठवलेला, एफोसा म्हणजे देवाची संपत्ती. एसान लोकांचा देव ओसेनोबुलुआ, तिथे नाव ओसे ने सुरू होतं. एका मात्रेचा फरक. इविए नावाची मुलगी भेटली तर ते पोवळ्यांच्या मण्यांवरून, दरबारात मान पोवळ्यांचा, त्यामुळे नाव लाडाचं आणि मानाचं पण.

कडेकडेला तर आणखी गुंता. इग्बांके म्हणून गाव आहे, एदो राज्यातच, ओरिओम्वॉन तालुक्यात, बोली इग्बोच्या, म्हणजे पूर्वेकडच्या मोठ्या जमातीच्या भाषेच्या, अंगाची, तिथल्या माणसांत आपण कोण यावरून आपापसातच मतं आहेत. खाली डेल्टामध्ये इत्सेकिरी लोक, त्यांची भाषा योरुबाला, म्हणजे पश्चिमेकडच्या मोठ्या जमातीच्या भाषेला, जवळची पण राजघराणं सांगतं की आमचा मूळपुरुष गिनुवा हा बेनिनचा राजपुत्र. लागोसचं जुनं नाव एको, बिनी लोक सांगतात की तो आमच्या छावणीचा शब्द. म्हणजे भाषा एकीकडे, वंश दुसरीकडे, आणि सरकारी फॉर्मवर तिसरंच. इथे प्रत्येक फॉर्मवर "स्टेट ऑफ ओरिजिन" आणि लोकल गव्हर्नमेंट विचारतात, आणि ते तुमचा जन्म कुठला हे नसतं, बापाचं मूळ कुठलं हे असतं. पोरगा बेनिन सिटीत जन्मला, वाढला, फाड फाड एदो बोलतो, पण बाप इग्बो असेल तर फॉर्मवर तो बापाच्या राज्याचा. एचआरला बसणार असाल तर हे पाठ करा, नाहीतर कोणाला तरी चुकीच्या रकान्यात टाकाल आणि मग अर्धा दिवस समजूत घालण्यात जाईल.

पायरी ७: तुम्हाला विचारतील तेव्हा

"व्हॉट इज युवर ट्राइब?" हा प्रश्न इथे सरळ मनाने विचारतात, ओळखच तशी सुरू होते, रागावू नका. पहिल्यांदा मी इंडियन म्हटलं तर समोरचा म्हणाला ती तर कंट्री झाली, ट्राइब? मग मराठी म्हटलं, आणि त्याचं समाधान झालं. मग फर्माईश, "स्पीक इंडियन", कारण घरोघरी झी वर्ल्ड बघतात, हिंदी सिरियली इंग्लिशमध्ये डब केलेल्या, माझ्या ड्रायव्हरच्या बायकोला माझ्यापेक्षा जास्त सासवा-सुना माहीत आहेत. त्यांना समजावून सांगा की इंडियन नावाची भाषा नाही. आठवतंय ना, तुम्ही गाडीतून फोन करून मला काय विचारलं होतं?

नाव विचारायचं तर "दे एनी रुॲ?", आणि आपलं सांगायचं तर "एनी म्वॅ ऑरॅ" आणि पुढे नाव. कुठून आलात याचं उत्तर, "ई के इंडिया रे", मी इंडियातून आलोय. शेवटचा रे म्हणजे येणे, पण ऐकायला अगदी आपल्या "आलोय रे" सारखं लागतं, हे वाक्य तुम्ही कधीच विसरणार नाही. आणि ओवी लक्षात ठेवा, जात्यावरची नाही, ओवी म्हणजे लेकरू. ओवी एदो म्हणजे एदोचं लेकरू, बिनी माणूस. अनेक असले की इवी एदो. गोऱ्याला एबो म्हणतात. आपण गोरे नाही तरी गल्लीतली पोरं आपल्याला ओयिंबो ओयिंबो (पिजिनमध्ये गोरा) ओरडणारच, सावळा असा की उजळ, त्याला इलाज नाही, हात हलवा आणि पुढे चला.

पायरी ८: जिथे गप्प बसायचं

इटलीवरून विनोद करायचा नाही. या शहरातून कित्येक मुलींना फसवून युरोपात, जास्त करून इटलीला, नेलं, घरोघरी कोणी ना कोणी त्यात होरपळलंय. मार्च २०१८ मध्ये ऑबांनी स्वतः जुन्या देवस्थानांच्या पुजाऱ्यांना बोलावून माणसं विकणाऱ्यांना शाप दिला आणि मुलींना देवस्थानात घ्यायला लावलेल्या शपथा मोडल्या, त्यावरून अंदाज करा प्रकरण किती खोल आहे.

१८९७ हा आकडा जपून. त्या फेब्रुवारीत इंग्रजांनी शहर घेतलं, जाळपोळ झाली, राजवाड्यातली हजारो पितळी आणि हस्तिदंती कामं उचलून नेली, ऑबा ओवोनराम्वेन यांना कालाबारला हद्दपार केलं, ते परत आलेच नाहीत. गादी परत बसली ती १९१४ ला. इगुन स्ट्रीटला आजही ओतकाम चालतं, तेच घराणं, तेच काम, मेणाचा साचा करून. बघायला जरूर जा, पण "ओरिजिनल तर लंडनला आहे ना" असं तिथे उभं राहून म्हणू नका. आमच्यातला एक जण म्हणाला होता. कारागिराने हातातलं काम खाली ठेवलं आणि आत निघून गेला, आम्ही दहा मिनिटं उन्हात उभे. २०२२ ला जर्मनीने काही वस्तू परत दिल्या, तो विषय काढा, मग बोलतात, भरपूर बोलतात.

आणि ओदुदुवा, योरुबा ज्याला आपला मूळपुरुष मानतात तो. योरुबा म्हणतात आमच्या ओदुदुवाचा मुलगा बेनिनला येऊन राज्य करून गेला. बिनी म्हणतात ओदुदुवा हा आमचाच हद्दपार झालेला राजपुत्र एकालादेरहान, तो इफेला, योरुबांच्या मूळ गावाला, गेला. २००४ ला तेव्हाचे ऑबा एरेदिआउवा यांनी हे छापून मांडलं तेव्हा पेपरात महिनोन्महिने चाललं होतं. तुमच्या टीममध्ये दोन्हीकडचे लोक असणार. जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की तुम्ही पाणी आणायला उठा, आमॅ, शब्द आता येतोच तुम्हाला.

तो लामोगुनवाला वॉचमन अजून गेटवर आहे. मी सकाळी ओबोविए म्हणतो, तो पण ओबोविए म्हणतो, मग वे ओये हे, मग ओयेसे, आणि पाहुणे असतील तर त्यांच्याकडे बघून माझ्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "ओवी इंडिया". आणि ते झालं की रिचार्जला पाचशे नायरा मागतो.